बर्गेन बोलीचा उच्चार
नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील बर्गेन शहरात बोलली जाणारी नॉर्वेजियन बोली. आजूबाजूच्या ग्रामीण बोलींपेक्षा ती ऐकताक्षणी वेगळी जाणवते.

वर्णोच्चार : तिची ठळक खूण म्हणजे पडजिभेजवळ घर्षणाने उमटणारा ‘र’. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत हा उच्चार नॉर्वेच्या दक्षिण आणि नैर्ऋत्य किनाऱ्यावर पसरला. त्यामुळे येथे ‘र’ पुढील दंत्य व्यंजनात मिसळून मूर्धन्य ध्वनी तयार होत नाही. मूल या अर्थाचा शब्द ऑस्लोत जवळजवळ मराठी ‘बाण’सारखा ऐकू येतो; बर्गेनमध्ये त्यातील ‘र’ आणि दंत्य ‘न’ स्वतंत्र राहतात. पूर्व नॉर्वेतील जाड, मूर्धन्य ‘ल’ही येथे नाही. तरुणांच्या बोलण्यात तालव्य घर्षक आणि ‘श’ यांतील भेद बराचसा लोपला आहे.

सूर : बहुतेक नॉर्वेजियन बोलींप्रमाणे येथेही दोन शब्दसूर अर्थभेद करतात. ‘शेतकरी’ आणि ‘घेवड्याचे दाणे’ या अर्थांचे अनेकवचनी शब्द केवळ सुरावरून ओळखू येतात. ऑस्लोत आघातयुक्त अवयवावर पहिला सूर खाली असतो, तर बर्गेनमध्ये तो उंच असतो.

पार्श्वभूमी : सुमारे १३६० ते १७५४ या काळात बर्गेनमध्ये हान्झा व्यापारी संघाची वखार होती. व्यापाऱ्यांच्या निम्न जर्मन भाषेशी आलेल्या दीर्घ संपर्कामुळे बोलीचे व्याकरण सुलभ झाले, असे अनेक अभ्यासक मानतात. स्त्रीलिंग पुल्लिंगात विलीन होऊन दोनच लिंगे उरणे, हे त्याचे प्रमुख उदाहरण होय.