‘तयार’ कुणाला म्हणायचं?

हॉकी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर खडकीचा धनराज पिल्ले येतो. आज मात्र बर्फावरच्या हॉकीबद्दल बोलू, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या नॅशनल हॉकी लीगबद्दल. कारण पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी जी चूक केली, ती समजावून सांगायला याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

सरावासाठी मी एक आलेख काढला होता. आडव्या अक्षावर खेळाडू लीगमध्ये पहिल्यांदा उतरला तेव्हाचं वय, उभ्यावर कारकिर्दीतले एकूण सामने. लवकर आलेले जास्त खेळलेले दिसले. मी लगेच आडव्या अक्षाला नाव दिलं: ‘तयारी’. गाइडनी एवढंच विचारलं, “अगं, पण ते वय ठरवलं कुणी?”

उत्तरासाठी जुन्या काळात जावं लागलं. तेव्हा संघ शाळकरी पोरांनाच करारात अडकवून ठेवायचे. बॉस्टनने बॉबी ऑरला 1962 मध्ये बांधलं तेव्हा तो 14 वर्षांचा होता. लीगमध्ये उतरला 1966 मध्ये, 18 व्या वर्षी. 1963 पासून नव्या खेळाडूंच्या वाटपासाठी ‘ड्राफ्ट’ सुरू झाला आणि सत्तरच्या दशकात त्याचं वय 20 होतं. मग वर्ल्ड हॉकी असोसिएशन ही प्रतिस्पर्धी लीग लहान पोरं पळवू लागली. 1978 मध्ये तिथल्या एका संघाने 17 वर्षांच्या वेन ग्रेट्झकीला घेतलं. वरून कोर्टाचा धाक. 1980 पर्यंत ड्राफ्टचं वय 18 वर आलं. आता सांगा, दोन वर्षांत कॅनडाची पोरं लवकर पिकायला लागली का? नियम बदलला, एवढंच.

नंतर कराराची गणितं आली. 18-19 वर्षांच्या खेळाडूने मोसमात 10 सामने खेळले की त्याच्या पहिल्या कराराचं एक वर्ष खर्च होतं. 9 वर थांबवला तर करार पुढे सरकतो. त्यामुळे नवव्या सामन्यानंतर ‘अजून थोडा वेळ हवा’ असं ऐकू आलं, तर ते खेळाबद्दल आहे की पैशाबद्दल, हे नुसत्या आकड्यांवरून कळत नाही.

डेट्रॉइट रेड विंग्जची ख्याती उलटी. तेव्हाचे व्यवस्थापक केन हॉलंड यांचं धोरण पोरांना आढीतल्या आंब्यासारखं पिकू देण्याचं, थोडं जास्तच. गोलरक्षक जिमी हॉवर्डची निवड 2003 ची, पण तो मुख्य गोलरक्षक झाला 2009-10 मध्ये. धोरण चांगलंच होतं, पण सगळं श्रेय त्याला देऊ नका. गुस्ताव न्यूक्विस्टचं बघा. 2013 च्या प्लेऑफमध्ये खेळलेला हा पोरगा पुढच्या मोसमाच्या सुरुवातीला पुन्हा खालच्या संघात गेला. पगाराची मर्यादा गाठलेली, संघात जागा नाही आणि त्याला खाली पाठवताना दुसरा संघ उचलून नेईल ही भीती नव्हती. नोव्हेंबरात बोलावल्यावर त्याने 57 सामन्यांत 28 गोल केले, संघात सर्वाधिक. माझ्या पद्धतीने मोजलं असतं तर ऑक्टोबरात तो ‘तयार नाही’ ठरला असता.

आणि निवडणाऱ्यांची नजर? 1985 मध्ये बार्न्सली यांनी दाखवलं की लीगमध्ये जानेवारी-मार्चमध्ये जन्मलेल्यांची गर्दी असते, कारण कॅनडात मुलांचे वयोगट 1 जानेवारीपासून मोजतात. थोराड पोरगं हुशार वाटतं. पुढे 2013 मध्ये डीनर आणि सहकाऱ्यांनी 1980 ते 2006 चे ड्राफ्ट तपासले. वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेले खेळाडू त्यांच्या पुढच्या कामगिरीच्या मानाने 40 हून अधिक क्रमांक उशिरा निवडले गेले होते. गंमत म्हणजे जन्ममहिन्याची भानगड तोवर जगजाहीर होती, तरी हा पूर्वग्रह कमी झालेला नव्हता.

मी आलेख परत काढला. अक्षाचं नाव आता ‘वर बोलावलं तेव्हाचं वय’ आहे, शेजारी जन्ममहिना आणि ड्राफ्टचं वर्ष. गाइडनी तो पाहिला आणि विचारलं, “ज्यांना कधीच बोलावलं नाही, ते कुठे आहेत?” तो रकाना अजून रिकामा आहे. सध्या खालच्या लीगच्या जुन्या याद्या चाळतेय.