मदत कुठे थांबावी? कोल्हापुरातील स्वावलंबी शिक्षणाचा एक धागा

१९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे राहिले. त्याच्या मागेपुढे जैन, मुस्लिम, लिंगायत आणि १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसाठी मिस क्लार्क अशी वसतिगृहे राजर्षी शाहू छत्रपतींच्या आश्रयाने निघाली. १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याचा हुकूम निघाला. हा सामाजिक न्यायाचा इतिहास आहेच. पण त्यात एक शैक्षणिक प्रश्नही दडलेला आहे. शिकणाऱ्याला मदत कुठवर करावी आणि कुठे थांबावे?

बोर्डिंगने गरीब मुलाच्या राहण्याजेवणाचा प्रश्न सोडवला. अभ्यास मात्र ज्याचा त्यालाच करावा लागे. कुंभोजला जन्मलेले भाऊराव पाटील याच कोल्हापुरात शिकले. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आल्यावर शुद्धीसाठी आंघोळ करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यांना जैन बोर्डिंग सोडावे लागले. पुढे १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करून त्यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह चालवले. तिथे मुले स्वतः राबत, स्वतःची कामे स्वतः करत. संस्थेने आधार दिला, पण श्रम काढून घेतले नाहीत. स्वावलंबन हे रयतचे ब्रीद झाले ते यातूनच.

हाच प्रश्न लीलाताई पाटील यांनी वर्गाच्या आत नेला. अध्यापक-शिक्षणातील दीर्घ अनुभवानंतर त्यांनी १९८५ साली कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केले. घोकंपट्टीपेक्षा मुलांच्या अनुभवाला आणि अभिव्यक्तीला तिथे महत्त्व मिळाले. श्रमाबरोबर विचारही मुलाचा स्वतःचा हवा, हे त्यामागचे सूत्र म्हणता येईल.

शिक्षणशास्त्रात याला आज ‘स्वयंनियमित अध्ययन’ म्हणतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बॅरी झिमरमन यांनी त्याचे तीन टप्पे मांडले: आधी योजना, मग स्वतःवर लक्ष ठेवत केलेले काम आणि शेवटी आपल्या कामाचा आढावा.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि हे तिन्ही टप्पे परस्पर उरकून देणारा मदतनीस हाताशी आला. चंदगड किंवा गगनबावड्याच्या मुलाला शहरातली शिकवणी परवडत नसेल, तर मोबाइलवरचा हा मदतनीस त्याला मोठाच आधार वाटणार. त्याला तो नाकारणे अन्यायाचे ठरेल. पण धोका कुठे आहे, हे तुर्कस्तानातील सुमारे एक हजार शालेय विद्यार्थ्यांवरच्या प्रयोगाने दाखवले. गणिताच्या सरावात साध्या चॅटची मदत घेतलेल्यांची कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. मदत काढून परीक्षा घेतली, तेव्हा मदत कधीच न मिळालेल्या मुलांपेक्षा ती १७ टक्क्यांनी खाली आली. आपण कमी शिकलो, हे त्या मुलांच्या लक्षातही आले नव्हते. म्हणजे आढाव्याचा टप्पाच हरवला होता.

त्याच प्रयोगात आणखी एक गट होता. त्याच्या साधनाला थेट उत्तर न देता फक्त इशारे देण्याची सूचना होती. मुले नेहमी कुठे चुकतात, हे शिक्षकांनी त्यात आधीच भरले होते. या गटाची सरावातली सुधारणा १२७ टक्के होती आणि परीक्षेतले नुकसान जवळजवळ भरून निघाले. साधनात शिक्षकाचा अनुभव उतरला, तेव्हा मदत योग्य जागी थांबली.

म्हणून प्रश्न शिक्षकालाही लागू होतो. पाठाचे टाचण आणि प्रश्नपत्रिका यंत्राकडून जशाच्या तशा घेतल्या, तर मुले कुठे अडखळतात हे ओळखण्याची त्याची नजरच मंदावेल. त्याने आधी स्वतःचे टाचण लिहावे, मग यंत्राचे पाहावे. विद्यार्थ्यानेही आधी वहीत आपला प्रयत्न उतरवावा, मग यंत्राला विचारावे आणि शेवटी मोबाइल बाजूला ठेवून तेच उदाहरण पुन्हा सोडवावे.

शाहूकालीन बोर्डिंगांनी भूक आणि निवारा यांचे ओझे उतरवले. शिकण्याचे ओझे मुलाच्याच खांद्यावर ठेवले. नव्या साधनांची पारख करताना आपल्याला हीच वाटणी पुन्हा करावी लागणार आहे.