चमत्कार, ग्रंथप्रामाण्य आणि स्ट्राउस

बायबलमधील चमत्कारांविषयीचा वाद बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरतो : ते घडले की नाही? श्रद्धावंत 'घडले' म्हणतो, संशयवादी 'नाही' म्हणतो. परंतु संहितेचा अर्थ म्हणजे तिने सांगितलेली घटना, हे दोघांनाही मान्य असते. या गृहीताला पहिला मोठा हादरा एकोणिसाव्या शतकातील जर्मनीत बसला. चमत्कारावर शास्त्राचे प्रामाण्य उभे असते, की शास्त्रावरील विश्वासातूनच चमत्काराची कथा उभी राहते, हा प्रश्न तेव्हापासून टाळता येईनासा झाला.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. हेर्मान रायमारुस याच्या अप्रकाशित लेखनातील काही भाग लेसिंगने १७७४ ते १७७८ या काळात निनावी प्रसिद्ध केले. शिष्यांनी येशूच्या पुनरुत्थानाची कथा बुद्ध्याच रचली, असा आरोप त्यांत होता. लेसिंगचा स्वतःचा मुद्दा अधिक सूक्ष्म होता. आपण चमत्कार पाहत नाही, चमत्कारांची केवळ वृत्ते वाचतो. आणि इतिहासातील आकस्मिक सत्यांवर बुद्धीची अनिवार्य सत्ये उभारता येत नाहीत, असे त्याने १७७७ मध्ये मांडले.

यावर बुद्धिवादी ईश्वरविद्येने एक तडजोड शोधली. पाच भाकरी व दोन मासे यांवर पाच हजारांचा समुदाय तृप्त झाल्याची कथा घेऊ. हायडेलबर्गचा प्राध्यापक पाउलुस याने १८२८ च्या येशूचरित्रात तिचा असा उलगडा केला की, येशूने आपली शिदोरी वाटताच जवळ अन्न बाळगणाऱ्या इतरांनीही ती उदारता दाखवली. घटना वाचली, चमत्कार गेला. पण कथेचे प्राणतत्त्वही गेले. शुभवर्तमानकाराने जे सांगितलेच नाही, तेच या वाचनात सत्य ठरले.

डाव्हिड फ्रीडरिख स्ट्राउस याने १८३५-३६ मध्ये 'येशूचे चरित्र' दोन खंडांत प्रसिद्ध केले, तेव्हा तो सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा होता. त्याने श्रद्धावाद्यांचे आणि पाउलुसचे, अशी दोन्ही वाचने नाकारली. जुन्या करारात अलीशा वीस भाकरींवर शंभर माणसे जेववतो आणि तरीही अन्न उरते. येणारा मसीहा पूर्वीच्या संदेष्ट्यांहून उणा कसा असेल? या अपेक्षेतून आद्य ख्रिस्ती समुदायाने अजाणता ही कथा घडवली, असे स्ट्राउस म्हणतो. ही लबाडी नव्हे आणि वृत्तांतही नव्हे. ही पुराकथा होय. योहानाच्या कथेतील भाकरी अलीशाच्या भाकरींप्रमाणेच जवाच्या आहेत, हे येथे लक्षणीय आहे.

या मांडणीची किंमत स्ट्राउसने चुकवली. ट्युबिंगेन येथील अध्यापकपद गेले. १८३९ मध्ये झुरिच येथे झालेली नेमणूक लोकक्षोभामुळे रुजू होण्यापूर्वीच निवृत्तिवेतन देऊन संपवण्यात आली; तरीही त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तेथील उदारमतवादी सरकार कोसळले. संहितेच्या वाचनपद्धतीवरून राज्य उलथते, यातच तिच्यावरील विश्वासाचे सामाजिक वजन दिसते.

तथापि स्ट्राउसची मर्यादा त्याचा गुरू बाउर यानेच दाखवली : त्याने शुभवर्तमानांतील इतिहासाची चिकित्सा केली, शुभवर्तमानांची नव्हे. चार निवेदकांनी एकच कथा चार हेतूंनी सांगितली आहे, याचा पुरेसा विचार त्याने केला नाही. मार्कमध्ये भाकरींचा अर्थ शिष्यांनाच कळत नाही. योहानात तृप्त जमाव येशूला बळेच राजा करू पाहतो, तेव्हा तो एकटा डोंगरावर निघून जातो. आणि पुढे, तुम्ही खूण ओळखून नव्हे तर पोट भरले म्हणून मला शोधता, अशा आशयाने त्यांना दटावतो. म्हणजे चमत्काराला पुरावा मानणाऱ्या वाचकाला संहिता स्वतःच अडवते.

म्हणून ग्रंथप्रामाण्याचा प्रश्न स्ट्राउसने निकालात काढला, असे म्हणता येत नाही. त्याने त्याची जागा बदलली. चमत्कारामुळे शास्त्र विश्वसनीय ठरते, हा जुना क्रम मोडला. मात्र ज्यांनी ही कथा सांगितली ते आधीच एका शास्त्रावर विसंबून होते, हे त्याच्याच विवेचनातून सिद्ध होते. तो विश्वास ईश्वराच्या शब्दावरचा होता की समुदायाच्या स्मृतीवरचा, याचा निर्णय समीक्षा देऊ शकत नाही. परंतु संहिता जे सांगते ते तिच्या अटींवर ऐकणे, ही त्या निर्णयाची पूर्वअट आहे. आणि ती श्रद्धावंताला जितकी बंधनकारक आहे तितकीच संशयवाद्यालाही.