दहा पट, दहा घड्याळं

मंडळी, आपल्या गावातल्या पोरांनी गेल्या महिन्यात बुद्धिबळ मंडळ सुरू केलं. वाचनालयाच्या मागच्या खोलीत रोज संध्याकाळी वीसेक मुलं जमतात. परवा बातमीसाठी जाऊन आलो. पट चारच. एका संचातला काळा उंट हरवलाय, त्याच्या जागी सोड्याच्या बाटलीचं झाकण. घड्याळ एकही नाही. उद्घाटनाला मात्र हार, शाली आणि भलामोठा फ्लेक्स होता!

तेव्हा मद्रासची गोष्ट आठवली.

साल १९७२. भारतात तेव्हा एकही ग्रँडमास्टर नव्हता. मॅन्युएल आरन हे आपले पहिले इंटरनॅशनल मास्टर, तेही १९६१ पासूनचे. त्यांच्या पुढाकाराने मद्रासच्या सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रात क्लब निघाला. नाव दिलं माजी जगज्जेते मिखाईल ताल यांचं. केंद्राने नुसती खोली दिली नाही. पट, सोंगट्या, घड्याळं, पुस्तकंही दिली. सोव्हिएत संघाला यात स्वतःचा प्रचार करायचा होता, हे उघड आहे. पण सामान खरं होतं आणि ते मुलांच्या हातात पडलं.

काही वर्षांनी आईकडून घरीच खेळ शिकलेला एक लहान मुलगा तिथे येऊ लागला. विश्वनाथन आनंद. तिथे झटपट डाव चालायचे. जिंकला तो बसून राहणार, हरला तो उठून रांगेत. आनंदच्या वेगाचं पुढे जगभर कौतुक झालं, त्याची तालीम ही अशी झाली. आता सांगा, घड्याळाशिवाय असा डाव होतो का? १९८८ मध्ये तोच मुलगा भारताचा पहिला ग्रँडमास्टर झाला, २००० मध्ये जगज्जेता.

आणि मद्रास कशाला, आपली सांगली बघा. भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ मध्ये तिथे नूतन बुद्धिबळ मंडळ उभं केलं. भाग्यश्री साठे-ठिपसे त्याच सांगलीच्या.

सामान दिलं की आनंद घडतो, असं मी म्हणत नाही. पण सामानच नसेल तर कोणात काय आहे, हे कळणार तरी कसं?

म्हणून नगरसेवकांना, व्यापारी बंधूंना आणि माजी विद्यार्थ्यांना हात जोडून सांगणं आहे, या वेळी ट्रॉफी नको. वीस मुलांना दहा पट आणि दहा घड्याळं लागतात. राजा साडेनऊ सेंटिमीटरचा, घर साडेपाचचं, म्हणजे पोरं बाहेर स्पर्धेला गेली तर बावरणार नाहीत. डाव लिहायला वह्या द्या. हवं तर पटामागे तुमचं नाव छापा, कोणाची हरकत नाही.

फक्त एक करा. कपाटाच्या दोन किल्ल्या करा आणि त्यातली एक मुलांकडे ठेवा. कुलपात पडलेलं सामान आपण गावात पुष्कळ पाहिलंय.

त्या झाकणाला उंटाच्या नोकरीतून मोकळं करूया. कोण पुढे येतंय?