पंचाची सही : ठगांपासून गांजाच्या केसपर्यंत

ज्यांना कानात हेडफोन घालायला जमत नाही, बसमध्ये आवाज येत नाही किंवा वाचायलाच आवडतं, त्यांच्यासाठी हा या आठवड्याचा एपिसोड लेखी. बोललो तसाच ठेवलाय, फक्त अडखळलो होतो तेवढं काढून टाकलं.

तर झालं असं. आमच्या पवनीत, वैनगंगेच्या घाटावर, आम्ही तिघं मित्र संध्याकाळी बसलो होतो. एकानं आदल्या रात्री मोबाईलवर 'इन्फर्नल अफेअर्स' बघितला होता. 2002 चा हाँगकाँगचा सिनेमा. पुढं हॉलिवूडनं त्याच्यावरून 'द डिपार्टेड' काढला. गोष्ट थोडक्यात अशी : एक पोलीस वर्षानुवर्षं ड्रग्जच्या टोळीत गुंड बनून राहतो. तो पोलीस आहे हे फक्त एका साहेबाला माहीत असतं. तो साहेब मरतो. ऑफिसातली फाईलही कुणीतरी पुसून टाकतं. आता हा माणूस पोलीस आहे, हे सांगणारं जगात कोणीच उरलं नाही.

मित्र म्हणाला, "काहून बे, आपल्या इकडं असे पोलीस रायते का?"

मी म्हटलं, "असतील. पण आपल्याकडच्या केसमध्ये खरा हिरो पोलीस नसतो. माझ्या मामासारखा माणूस असतो."

मामाची गोष्ट शेवटी सांगतो. ती समजायची तर आधी दोनशे वर्षं मागं जावं लागेल.

कोर्टापासून चारशे यार्डांवर

आपला भंडारा जिल्हा तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. 1817-18 च्या लढाईत आप्पासाहेब भोसले हरले आणि सागर-नर्मदेकडचा मुलूख इंग्रजांकडे गेला. त्यातच नरसिंहपूर. 1822 ते 1824 तिथला कारभार विल्यम स्लीमन नावाचा अधिकारी बघत होता. पुढं त्यानं स्वतःच लिहून ठेवलं की आपल्या कचेरीपासून चारशे यार्डांवरच्या कंदेली गावात ठगांची टोळी राहत होती आणि आपल्याला पत्ताच नव्हता. चारशे यार्ड म्हणजे साधारण 365 मीटर. साहेब रोज फिर्यादी ऐकत होते, आणि वाटसरूंना रुमालानं गळा आवळून मारणारे लोक शेजारी संसार करत होते.

या विषयावरचा एक सिनेमा आहे, 1988 चा 'द डिसीव्हर्स'. त्यात पियर्स ब्रॉस्नन ठगाचा वेश घेऊन टोळीत शिरतो. बघायला भारी वाटतं. पण स्लीमननं असलं काही केलं नव्हतं. त्यानं वेश बदलला नाही, माणसं फोडली. पकडलेल्या ठगाला सांगितलं : तुझी फाशी टळेल, पण साथीदारांची नावं सांग, प्रेतं कुठं पुरली ते दाखव. यालाच आपण माफीचा साक्षीदार म्हणतो. फिरंगिया हा त्यातला सगळ्यात नावाजलेला. त्यानं जागा दाखवल्या, तिथं खणलं आणि खरंच सांगाडे निघाले.

म्हणजे आपल्या भागातला पहिला 'अंडरकव्हर' माणूस हा वेश बदललेला पोलीस नव्हता. तो बाजू बदललेला गुन्हेगार होता.

1836 मध्ये कायदाही आला, त्या वर्षाचा तिसावा. एखाद्यानं अमुक खून केला हे सिद्ध करायची गरज उरली नाही. तो ठगांच्या टोळीत होता एवढं सिद्ध झालं की जन्मठेप. आणि टोळीत होता हे सांगणार कोण? बहुतेक वेळा माफीचा साक्षीदारच. 1831 ते 1837 या काळातले जे आकडे नेहमी दिले जातात ते असे : 3266 जण पकडले गेले, त्यातल्या 412 जणांना फाशी झाली, 483 जण माफीचे साक्षीदार झाले. त्यांनाही सोडून दिलं नाही. जबलपूरला पहाऱ्यात ठेवलं, तंबू आणि गालिचे विणायला लावलं.

आता इथं जरा थांबा. आपला जीव वाचवायला नाव सांगणारा माणूस किती खरं सांगेल? पहिली पाच नावं खरी असतील. सहावं नाव जुन्या भांडणातलं कशावरून नसेल? आजचे अभ्यासक हेच विचारतात. ठग होते, खून झाले, यात वाद नाही. वाद आहे तो इंग्रजांनी त्यांचं जे अवाढव्य चित्र रंगवलं त्यावर, आणि त्या गाळात किती साधी, भटकी, गरीब माणसं ओढली गेली यावर.

पोलिसासमोरचं बोलणं

इंग्रजांच्या कायद्यातही हा प्रश्न पुढं उतरला. 1872 चा पुरावा कायदा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यानं लिहिला. त्यातल्या चार गोष्टी लक्षात ठेवा, पुढं लागतील.

एक, पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. दोन, गुन्ह्यातला साथीदार साक्ष देऊ शकतो. तीन, पण त्याच्या बोलण्याला दुसरा आधार नसेल तर ते भरवशाचं नाही, असं कोर्ट धरू शकतं. आणि चार, पोलिसाला टीप कुणी दिली हे सांगायची सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

चौथा मुद्दा म्हणजे खबऱ्याचं चिलखत. आमच्या पवनीत जगन्नाथ टेकडीवर बौद्ध स्तूप आहे. 1969-70 मध्ये तिथं उत्खनन झालं. त्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मीत कोरलेली सापडली. दोन हजार वर्षं झाली, नावं शाबूत आहेत. खबऱ्याचं नेमकं उलटं. त्याचं नाव कुठंच नसणं हीच त्याच्या जिवाची हमी.

गांजाचं सरकारी दुकान

आता ड्रग्जकडे येऊ. 1853 मध्ये तिसरे रघुजी भोसले वारले, नागपूरचं राज्य खालसा झालं, आणि 1861 मध्ये मध्य प्रांत तयार झाला. भंडारा त्यात. या प्रांतात गांजा चोरून विकायची वस्तू नव्हती. परवान्याचा माल होता. पीक घ्यायची परवानगी निमाड जिल्ह्यात खंडव्याकडे, विक्री लायसनच्या दुकानात, आणि कर सरकारी तिजोरीत.

1893 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटमध्ये प्रश्न आला की गांजानं हिंदुस्थानी लोक बिघडताहेत का. त्यावर कमिशन नेमलं. इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन. मॅकवर्थ यंग अध्यक्ष. देशभर हिंडून त्यांनी 1193 साक्षीदार तपासले. निष्कर्ष काय, तर बेतानं घेतला तर गांजानं फारसं नुकसान होत नाही, सरसकट बंदीची गरज नाही, कर आणि नियंत्रण ठेवा. तिजोरीचाही विचार त्यात होता, हे उघड आहे.

म्हणजे तेव्हा साध्या वेशातला शिपाई शोधायचा तो गांजा नव्हे, कर न भरलेला गांजा.

मग 1961 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा करार झाला. भारतानं सही केली, आणि 14 नोव्हेंबर 1985 पासून एनडीपीएस कायदा लागू झाला. पुढच्याच वर्षी, मार्च 1986 मध्ये, एनसीबी म्हणजे नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरो आला. 1987 मध्ये आपल्या पडद्यावर 'जलवा' आला, त्यात नसीरुद्दीन शाह मुंबईचा पोलीस होऊन गोव्याच्या ड्रग्जवाल्यांमागे लागतो. वातावरणच तसं होतं.

कायदा कडक. आज गांज्याचं गणित असं : एक किलोपर्यंत 'अल्प प्रमाण', वीस किलोच्या वर 'व्यापारी प्रमाण'. व्यापारी प्रमाणाला दहा ते वीस वर्षं सक्तमजुरी, एक ते दोन लाख दंड. जामीन मिळणं महाकठीण, कारण आरोपी निर्दोष असावा असं कोर्टाला आधीच वाटावं लागतं. एकेकाळी काही गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरलं तर फाशी सक्तीची होती. ती सक्ती मुंबई हायकोर्टानं 2011 मध्ये घटनाबाह्य ठरवली.

शिक्षा एवढी मोठी, म्हणून कायद्यात कुलपंही घातली आहेत. कलम 50 : अंगझडती घेण्याआधी पोलिसानं सांगायचं की राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती मागायचा तुला हक्क आहे. कलम 58 : विनाकारण झडती घेणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षा, मुद्दाम खोटी टीप देणाऱ्यालाही शिक्षा. आणि 2001 मध्ये आलेलं कलम 50 ए : माल लगेच न पकडता पाळतीखाली पुढं जाऊ द्यायचा, म्हणजे मोठा मासा गळाला लागतो. सिनेमातल्या 'अंडरकव्हर'च्या जवळ जाणारं आपल्या कायद्यात हेच. बाकी प्रत्यक्षात काय होतं? एक बनावट गिऱ्हाईक, ज्याला पोलिसांच्या बोलीत पंटर म्हणतात. त्याच्याकडे नंबर लिहून घेतलेल्या नोटा. आणि सोबत दोन पंच.

2020 मध्ये सुप्रीम कोर्टानं तोफान सिंग केसमध्ये दोन विरुद्ध एक असा निकाल दिला की एनडीपीएसचा तपास करणारे अधिकारी हेही पोलिसच, तेव्हा त्यांच्यासमोरचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालणार नाही. आठवतंय ना 1872? दीडशे वर्षांनीही भांडण त्याच जागेवर. बंद खोलीत बोललेलं खरं कसं मानायचं?

आता मामा

मी सहावीत होतो. मामा बसस्टॅंडजवळ चहा पीत उभा होता. एक जीप थांबली. "चला, पंच म्हणून यायचंय." नाही म्हणायची हिंमत कोणाची? मामा गेला. ठाण्यात टेबलावर एक पिशवी होती. गांजा होता, वास येत होता, मामा आजही तेच सांगतो. समोर वजन झालं, लाखेचं सील लागलं, चिठ्ठ्यांवर आणि कागदांवर मामानं चार-पाच सह्या केल्या. कागदात काय लिहिलंय ते कोणी वाचून दाखवलं नाही, यानंही विचारलं नाही. घरी येऊन जेवला.

तीन-चार वर्षांनी समन्स आलं. आरोपी आमच्याच बाजूच्या गावचा. त्याची म्हातारी आई आमच्या दारात येऊन बसली. काही बोलली नाही, नुसती बसली. तिकडून निरोप आला : जसं लिहिलंय तसंच सांगा. मामा दोन्हीकडून चेपला.

कोर्टात वकिलानं विचारलं, "पिशवी तुमच्यासमोर आरोपीच्या हातातून घेतली का?"

पंचनाम्यात तसंच लिहिलेलं होतं. मामा म्हणाला, "नाही साहेब. मी गेलो तवा पिशवी टेबलावरच होती."

सरकारी वकिलानं कोर्टाला सांगितलं की पंच फितूर झाला. पुढं आरोपी सुटला.

फितूर. ज्यानं आयुष्यात पहिल्यांदा शपथ घेतली आणि घडलं तसं सांगितलं, त्याला हा शब्द. आणि तिकडं जबलपूरला फाशी टाळायला साथीदार लटकवणाऱ्याला शब्द काय, तर माफीचा साक्षीदार.

पण गोष्ट एवढी सरळ नाही, आणि मामाही ती सरळ करून सांगत नाही. तो म्हणतो, "पोट्टा खरंच विकत असंल तर? मी खरं बोललो म्हणून तो सुटला, अन् त्याच्या गांजापायी कोणाचं पोर वाया गेलं असंल तर?" त्याला उत्तर माहीत नाही. मलाही नाही. मी एवढंच म्हणतो की चूक खरं बोलण्यात नव्हती. पिशवी टेबलावर पोचल्यावर पंच बोलावण्यात होती. त्या आरोपीनं खरंच गुन्हा केला असेल, तर त्याला मामानं नाही, त्या घाईनं सोडवलं.

तुमच्या खिशातला पंच

शेवटचं. 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे आले. पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, पण वर सांगितलेली मूळ तत्त्वं टिकली. आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेत एक मोठी भर पडली : झडती आणि जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग करायचं, जप्तीची यादी आणि साक्षीदारांच्या सह्यांसकट. शक्यतो मोबाईलवर.

मामाला हे सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "बरं झालं. पण मोबाईल कधी चालू करायचा, हे कोन ठरवते?"

कळलं? पिशवी टेबलावर आल्यावर कॅमेरा चालू केला, तर तोही माझ्या मामासारखाच पंच. म्हणून हे लक्षात ठेवा. उद्या तुम्हाला कोणी पंच म्हणून बोलावलं तर जा, ते आपलं काम आहे. पण कागद वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवा म्हणा. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढ्यावरच सही करा. सिनेमातल्या त्या पोलिसाची खरी ओळख सांगणारा एकच माणूस होता आणि तो मेला. इथं खरं काय ते सांगणारे दोघं असतात. त्यातले एक तुम्ही असाल.

तुमच्या घरात कोणी पंच म्हणून कोर्टाची पायरी चढलं असेल तर त्यांना हा भाग ऐकवा आणि त्यांची गोष्ट ऐका. नावं मात्र पाठवू नका, नुसती गोष्ट पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. पवनीहून, नमस्कार.