बंदराकाठची स्मृतिचिन्हे

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील मांडवी, मशीद बंदर आणि तेथून गोद्यांकडे जाणारा रस्ता हा भाग आपल्यापैकी बहुतेकांस व्यापार, नोकरी किंवा प्रवास यांच्या निमित्ताने परिचित आहे. परंतु गर्दीतून वाट काढणाऱ्यास तेथील स्मृतिचिन्हांकडे पाहण्याची सवड क्वचितच मिळते. या चिन्हांचा अल्प परिचय ज्ञातिबांधवांस करून द्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पहिले स्मारक नावांचेच. मांडवी म्हणजे जकातघर. या एका शब्दात त्या जागेचा पूर्वेतिहास साठला आहे. मशीद बंदर हे नाव ज्या प्रार्थनामंदिरावरून पडले असे मानतात, ते मुसलमानांचे नसून मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजाचे आहे. कंपनीच्या सैन्यातील अधिकारी सामाजी हसाजी दिवेकर हे म्हैसूरच्या युद्धात कैद झाले होते. तेथून सुटून आल्यावर त्यांनी १७९६ साली हे मंदिर उभारले. लोक त्यास ‘जुनी मशीद’ म्हणू लागले, आणि शेजारच्या सॅम्युअल स्ट्रीटने दिवेकरांचे नाव जतन केले.

गोदीलगतच्या हमरस्त्यास पूर्वी फ्रियर या गव्हर्नराचे नाव होते. पुढे त्यास गोदी कामगारांचे पुढारी प्लॅसिड डिमेलो (१९१९–१९५८) यांचे नाव देण्यात आले. राज्यकर्त्याच्या जागी श्रमिकांचा कैवारी आला, हा पालटही इतिहासच होय.

याच रस्त्यावर खलाशांचे वसतिगृह असून ते १९३१ च्या डिसेंबरात उघडले. पहिल्या महायुद्धात ज्यांना समुद्रावाचून दुसरी समाधी लाभली नाही, अशा दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचे स्मारक तेथे आहे. दुसऱ्या महायुद्धातील सुमारे साडेसहा हजार दर्यावर्दींची नावे एका ग्रंथात नोंदलेली असून त्याची एक प्रत येथे व दुसरी चितगावास ठेवली आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून पिढ्यान्‌पिढ्या माणसे जहाजावर जात आली, हे ध्यानी घेतले म्हणजे ही स्मारके आपल्यास परकी वाटत नाहीत.

आता सर्वांत दुःखद स्मृती. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजास आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्या व सुमारे १४०० टन स्फोटक द्रव्ये एकत्र भरलेली होती. सायंकाळी ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आतबाहेर दुसरा. त्याचे कंपन दूर सिमल्याच्या भूकंपमापकावर उमटले. आग विझविताना अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. भायखळ्याच्या मुख्यालयात त्यांचे स्मारक आहे, आणि १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

हा गौरव सर्वथैव उचित आहे. परंतु त्या दिवशी हमाल, गाडीवान, वखारींतील कारकून आणि आसपासच्या चाळींतील बायकामुलेही शेकड्यांनी मेली. कित्येकांची ओळखही पटली नाही. ज्याची ओळखच पटली नाही त्याचे नाव दगडावर कोरावे तरी कोणी? त्या जहाजावर सोन्याच्या विटा १२४ होत्या, हे आजही बिनचूक सांगता येते. मृतांची नेमकी संख्या मात्र सांगता येत नाही.

दगड आणि धातू यांची धाव जेथे संपते, तेथे कुटुंबाच्या स्मृतीचे कार्य सुरू होते. त्या सायंकाळी कोण गोदीवर होते, कोण घरी परतले नाही, कोणाचे बिऱ्हाड उद्ध्वस्त झाले, हे घरोघरच्या वृद्धांनी मुलांस सांगितलेले असते. पण ते लिहिलेले नसते. सांगणारे गेले म्हणजे ते ज्ञानही जाते. यास्तव प्रत्येक कुटुंबाने आपल्या वंशावळीच्या वहीत त्या व्यक्तीचे नाव, गाव आणि व्यवसाय या तीन गोष्टी तरी टिपून ठेवाव्यात. संगमरवराची शिला उभारण्यास द्रव्य लागते. या स्मारकास केवळ एक पान आणि थोडी आस्था पुरेशी आहे.