बिरसीची धावपट्टी आणि मोठ्या विमानाचं स्वप्न

आमगावच्या आकाशात विमान दिसणं ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. बांधीत धानाची कापणी चालू असते आणि वर एखादं चिमुकलं विमान घिरट्या घालत असतं. कापणाऱ्या बाया मान वर करून बघतही नाहीत. त्यांना ठाऊक असतं, हे शिकाऊ पोरांचं विमान आहे. बिरसीहून उठलंय, थोड्या वेळात तिथेच परत उतरेल.

पण गावातल्या कॉलेजच्या पोरांसमोर विमानाचा विषय काढा. हमखास एक प्रश्न येतो: "आपल्या बिरसीला ते मोठं, दुमजली विमान कधी उतरेल का?" मोबाइलवर सगळ्यांनी ते पाहिलेलं असतं. एअरबस ए-३८०: चार इंजिनं, जवळजवळ ८० मीटर पंखविस्तार आणि उड्डाणाच्या वेळी ५७५ टनांपर्यंत वजन.

प्रश्न भाबडा वाटतो, पण हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बिरसीसाठी आजूबाजूच्या गावांनी जमिनी दिल्या आहेत. तिथल्या कुटुंबांच्या पुनर्वसनाचा प्रश्न कितीतरी वर्षं गाजतो आहे. ज्याची जमीन गेली, त्याला विचारायचा हक्क आहे की या पट्टीवर उतरणार तरी काय? उत्तर शोधायला थोडं मागे जावं लागेल.

लढाईनं आणलेली पट्टी

गोंदिया शहरापासून साधारण १२ किलोमीटरवर, कामठ्याजवळ बिरसी आहे. इथली धावपट्टी १९४० साली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधली. गोंदियाच्या कुणा प्रवाशाला कलकत्त्याला जायची घाई होती म्हणून नव्हे. प्रवाशांसाठी रेल्वे होतीच. सरकारला युद्धासाठी देशभर विमानं उतरवायला जागा हव्या होत्या.

लहान गावात खरोखर अवाढव्य विमानं येऊ शकतात का, याचं उत्तर याच युद्धानं एकदा देऊन ठेवलंय. आमगावच्या स्टेशनवरून हावड्याकडे जाणारी गाडी धरली, की वाटेत टाटानगरच्या पुढे चाकुलिया लागतं आणि मग खरगपूर. १९४४ साली या दोन्ही ठिकाणी आणि जवळच्या पियारडोबा, दुधकुंडी या खेड्यांत अमेरिकेची बी-२९ बॉम्बर विमानं येऊन थांबली होती. त्या काळात यांच्यापेक्षा मोठं लढाऊ बॉम्बर दुसरं नव्हतं. त्यांच्यासाठी धावपट्ट्या सुमारे साडेसात हजार फुटांपर्यंत लांबवल्या गेल्या. जून १९४४ मध्ये त्यांचा पहिला हल्ला झाला तो बँकॉकवर. पुढच्या वर्षी, १९४५ मध्ये, पॅसिफिक महासागरातली बेटं हाती आल्यावर विमानं तिकडे निघून गेली. मागे उरलं काँक्रीट.

म्हणजे खेड्यात जगातलं मोठं विमान उतरू शकतं. पण ते त्या खेड्यासाठी आलेलं नसतं, आणि ज्या कामासाठी आलं ते संपलं की निघून जातं.

पट्टी आहे, प्रवासी नाही

स्वातंत्र्यानंतर बिरसीची पट्टी आधी सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, १९९८ पासून एमआयडीसीकडे आणि २००५ च्या अखेरीस भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे गेली. त्या वेळी केंद्रात नागरी विमान वाहतूक खातं प्रफुल्ल पटेल यांच्याकडे होतं, २००४ ते २०११. गोंदिया हे त्यांचं घरचं मैदान. धावपट्टी वाढून सुमारे २,३०० मीटर झाली. फुटांत मोजली तर साडेसात हजार. बी-२९ ला लागत होती साधारण तेवढीच. एअरबस ए-३२० आणि बोईंग ७३७ सारखी विमानं उतरतील अशी सोय झाली. वैमानिक घडवणारी संस्थाही इथे आली.

त्यामुळे बिरसीला एक वेगळीच ओळख मिळाली. देशभरातली पोरंपोरी इथे विमान चालवायला शिकली आणि पुढे मोठमोठ्या विमानांच्या कॉकपिटमध्ये जाऊन बसली. काहींनी याच परिसरातल्या अपघातांत जीवही गमावला. पण गोंदियातून तिकीट काढून विमानात बसणारा साधा प्रवासी अजून कुठे नव्हता. तो दिवस उजाडला १३ मार्च २०२२ रोजी. फ्लायबिग कंपनीनं इंदूर–गोंदिया–हैदराबाद अशी सेवा सुरू केली. पट्टी बांधल्याला ऐंशीहून जास्त वर्षं होऊन गेली होती.

ती सेवा काही महिन्यांतच बंद पडली. मग १ डिसेंबर २०२३ पासून इंडिगोनं हैदराबादमार्गे तिरुपतीची सेवा सुरू केली. दोन्ही वेळा विमान एकाच जातीचं होतं: एटीआर-७२, पंख्याच्या इंजिनांचं, सत्तर-पंचाहत्तर लोकांचं.

एका डब्याचा हिशेब

सत्तर-पंचाहत्तर म्हणजे किती? आपल्याला रेल्वेची भाषा चटकन कळते. जुन्या स्लीपरच्या एका डब्यात ७२ बर्थ असतात. म्हणजे एटीआर हा एक डबा झाला. ए-३८० मध्ये पाचशेच्या आसपास माणसं बसतात. म्हणजे सात डबे.

आता तुम्हीच हिशेब करा. गोंदियातून एकाच शहराला, एकाच वेळी, रोज सात डबे भरतील इतकी विमानाची तिकिटं कोण काढणार? आणि तिकडून तेवढीच माणसं रोज इकडे कशाला येणार?

धावपट्टी लांबवता येते. मोठ्या विमानाला भक्कम पट्टी, रुंद टॅक्सी-वे आणि अग्निशमनाची मोठी फौज लागते. पैसा असला की हेही उभं राहतं. पण रोजचे पाचशे प्रवासी सरकारी निविदा काढून मिळत नाहीत.

आमगावजवळचं पदमपूर हेच भवभूतीचं पद्मपूर, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडलं. आमगावकरांना त्याचा अभिमान आहे. भवभूतीनं ज्या रामकथेवर दोन नाटकं लिहिली, तिच्यात पुष्पक विमान आहे. त्याच्याबद्दल आपल्याकडे सांगतात, की कितीही माणसं बसली तरी त्यात एक जागा रिकामी राहतेच. पुष्पकाचं ते वैभव. विमान कंपनीच्या वहीत मात्र रिकामी जागा म्हणजे तोटा. म्हणूनच 'उडान' योजनेत तोटा भरून काढायला सरकार कंपनीला ठरावीक काळ पैसे देतं. तो काळ संपला आणि डबा भरला नाही, की विमान दिसेनासं होतं. हे फक्त गोंदियात घडलेलं नाही. नांदेडनंही विमानं येताना आणि जाताना पाहिली आहेत.

याउलट शिर्डी बघा. तिथला विमानतळ ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झाला आणि लवकरच तिथे बोईंग-एअरबसची जेट विमानं येऊ लागली. शिर्डी गाव गोंदियाहून कितीतरी लहान आहे. पण तिथे देशभरातून माणूस येतो. विमानाला गावाची लोकसंख्या दिसत नाही, येणारी-जाणारी माणसं दिसतात.

नागपूरची गंमत आणखी वेगळी. तिथे मिहानमध्ये बोईंगनं उभारलेलं विमान दुरुस्ती केंद्र २०१५ मध्ये एअर इंडियासाठी सुरू झालं. तिथे बोईंग ७७७ सारखी प्रचंड विमानं येतात, पण देखभालीला. जसा कारखान्यात डबा येतो, तसा. पुन्हा तेच: मोठं विमान आलं ते कामासाठी.

खुद्द ए-३८० चं काय झालं? तो २०१४ मध्ये भारतात नियमित येऊ लागला, तोही दिल्ली-मुंबईसारख्या मोजक्या विमानतळांवर. २०१९ मध्ये एअरबसनं त्याचं उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर केला आणि डिसेंबर २०२१ मध्ये शेवटचा ए-३८० ग्राहकाच्या ताब्यात दिला. एकूण विमानं बनली अडीचशेच्या आसपास. दोन इंजिनांची, कमी माणसांची, तरी लांब पल्ला गाठणारी विमानं आली आणि कंपन्यांना तीच परवडली. आपण ज्याची वाट बघतोय, त्याची वाट बघणं मोठ्या शहरांनीही सोडलं आहे.

छोट्या गाडीनं मोठं केलेलं गाव

मग गोंदियानं स्वप्न बघायचं नाही का? बघावं, पण आपल्याच इतिहासाकडे बघून.

गोंदिया मोठं कशामुळे झालं? हावडा–मुंबई लाइन तर आमगावलाही आहे. त्याच लाइनवर सालेकसा आहे, तिरोडा आहे. गोंदिया जंक्शन झालं ते छोट्या गाडीमुळे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंगाल-नागपूर रेल्वेनं गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरकडे नॅरोगेज लाइन टाकली. अडीच फुटांचा रूळ आणि सातपुड्याच्या जंगलातून रमतगमत जाणारी गाडी. तिला पाहून कुणी थक्क झालं नसेल. पण ती रोज धावली. तिनं माल आणि माणसं आणून मोठ्या गाडीच्या दारात सोडली. त्या गाठीभोवती व्यापार वाढला, राइस मिल उभ्या राहिल्या, शहर पसरलं. पुढे शंभर वर्षांनी तोच रूळ ब्रॉडगेज झाला. आधी रोजची छोटी गाडी, मग मोठा रूळ.

बिरसीत नेमकं उलटं घडलं. आधी पट्टी आली, मग ती लांबली, आणि रोजचं विमान सगळ्यात शेवटी. मधल्या काळात प्रत्येक निवडणुकीत मोठ्या विमानाच्या गोष्टी झाल्या. पण आमगावच्या माणसाला हैदराबादला पोचून पुढचं विमान पकडायचं असेल, तर त्याला ए-३८० लागत नाही. त्याला एटीआर लागतं. ते वेळेवर सुटायला हवं, पुढच्या महिन्यातही असायला हवं आणि पुढच्या वर्षीही. आजारी माणसाला घेऊन निघालेल्या घराला किंवा इंटरव्ह्यूला निघालेल्या पोरीला विमानाचा आकार महत्त्वाचा नसतो. ते उद्या आहे की नाही, एवढंच महत्त्वाचं असतं.

म्हणून पुढच्या वेळी कुणी नेता भाषणात म्हणाला, "बिरसीला आंतरराष्ट्रीय विमान आणू," तर टाळ्या वाजवायच्या आधी दोन प्रश्न विचारा. आज आहे ती सेवा अनुदान संपल्यावर कशी टिकणार? आणि ज्यांच्या जमिनीवर ही पट्टी आहे, त्यांचा हिशेब पूर्ण झाला का?

आमगावच्या बांधीवरून शिकाऊ विमान अजून फिरतंय. त्यात बसलेलं पोरगं उद्या कुठेतरी खरोखर मोठं विमान चालवेल. सुट्टीत त्याला इथलं कुणी भेटायला बोलावलं, तर मात्र त्यानं एका डब्याएवढ्या विमानातून यावं, आणि ते विमान त्या दिवशी चालू असावं.